फ्लश केलं, पण गेलं कुठे?

पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर आम्ही चौघी राहतो. सबमिशनच्या ऐन आठवड्यात एका सकाळी फ्लश केलं, तर पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच काही टाकलं नव्हतं म्हणे!

दुपारी सोसायटीने बोलावलेले काका आले. त्यांनी खालचं चेंबर उघडलं, लांब कामटी आत सरकवली आणि ती अडकल्यावर बाही वर करून सरळ हात घातला. हातमोजे नव्हते. फुगलेली सॅनिटरी पॅड्स, मेकअप पुसायचे वेट वाइप्स, केसांचे गुंते आणि त्यावर तेलकट पांढरा थर, असं सगळं बाहेर आलं. काकांनी ते मुकाट्याने घमेल्यात भरलं. आम्ही खिडकीतून बघत होतो. खाली जायची हिंमत एकीचीही झाली नाही.

मग मी जरा वाचून काढलं. पॅडमध्ये पाणी शोषून जेल होणारी पावडर असते, म्हणजे फुगणं हे तिचं कामच! सीटखालच्या वळणातून पॅड कसंबसं सुटतं आणि पुढे पाइपमध्ये जाऊन फुगून बसतं. डायपरचंही तेच. वेट वाइप्स कागदी वाटतात, पण बहुतेकांमध्ये प्लास्टिकचे धागे असतात. खात्री करायची तर दोन बरण्यांत पाणी घ्या, एकीत टॉयलेट पेपर आणि दुसरीत वाइप टाकून हलवा. कागदाचा लगदा होईल, वाइप मात्र तस्साच राहील. साधा टिश्यूही लवकर विरघळत नाही, कारण ओला झाल्यावर फाटू नये म्हणूनच तो बनवलेला असतो.

त्यात आपण उरलेली भाजी ओततो. (मेसच्या डब्यातली तर हमखास.) तेल-तूप गरम असताना वाहतं आणि गार पाइपमध्ये थिजतं. वाइप्स आणि केस त्याला धरून ठेवतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये अशा चरबी-वाइप्सचा 250 मीटर लांब आणि अंदाजे 130 टन वजनाचा गोळा गटारात सापडला होता. आमचा त्याचाच धाकटा भाऊ म्हणायचा.

इअरबड्स, कंडोम, सिगारेटची थोटकं यांचीही तीच गत. थोटकातला फिल्टर कापसाचा वाटला तरी तो एक प्रकारचं प्लास्टिकच असतो. जुन्या गोळ्या पाइप तुंबवत नाहीत, पण सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं औषधं पूर्णपणे काढू शकत नाहीत. अँटिबायोटिक्सचा अंश थेट नदीत जातो.

माझ्या डोक्यातून मात्र तो उघडा हात जात नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात आणि मरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

आणि आम्ही पॅड फ्लश का करत होतो? माहीत नव्हतं म्हणून नाही. बाथरूममध्ये डबाच नव्हता. वापरलेलं पॅड हातात घेऊन हॉलमधून किचनच्या डब्यापर्यंत जायचं, तेही मैत्रिणीचा भाऊ आलेला असताना, हे कुणालाच जमत नव्हतं. लाज आमची, पण घाण उपसायची काकांनी. हा हिशेब मला फार टोचला.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ‘रेड डॉट’ मोहीम चालवली. पॅड वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. ठिपका दिसला की कचरा वेचणाऱ्या ताईंना पुडी उघडून बघावी लागत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं.

आता आमच्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा आहे. शेजारी रद्दी आणि दोरीला बांधलेलं लाल स्केचपेन. डबा रिकामा करायची पाळी कुणाची, यावरून मात्र रोज भांडण होतं. आज माझी आहे, असं तिघींचं म्हणणं.