तापमापक, वही आणि आम्ही दोघे

आमच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्यावर मी ‘हिशेब’ असे लिहून ठेवले आहे. कोणा पाहुण्याने ती चुकून उघडली, तर या घरात वर्षानुवर्षे कोणीतरी अंथरुणाला खिळलेले होते असेच त्याला वाटेल. कारण पानोपानी तारखा आणि तारखांपुढे ताप: ९७.३, ९७.४, ९७.३. आजारी कोणी नव्हते. तो आमच्या कुटुंबनियोजनाचा हिशेब आहे.

हा विषय सणाच्या अंकात कशाला, असे कोणाला वाटेलही. पण र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या विचारापायी प्राध्यापकी गमावली. त्याला शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आपण खालच्या आवाजात बोलावे, हे बरे नव्हे.

आमचा मुलगा १९९४ चा. दुसरे मूल हवे होते, पण इतक्यात नको होते. डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा, आई आमच्याजवळ आणि पगार बेताचा. गोळ्या घ्याव्यात तर हिला अर्धशिशीचा त्रास; डॉक्टरांनीच मनाई केली. तांबी बसवली, ती अतिरक्तस्रावामुळे काढावी लागली. निरोध आम्हां दोघांनाही नकोसा. शेवटी मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर आम्ही दोघे आमच्या डॉक्टरबाईंपुढे जाऊन बसलो.

बाईंनी कागदावर एक वर्तुळ काढले. “स्त्रीबीज जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं. म्हणजे महिन्यातले खरे धोक्याचे दिवस सहाच. ते कोणते, हे ओळखणं एवढीच विद्या!”

मला हायसे वाटले. पण हा आनंद दोन मिनिटांचा ठरला. पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी बीज सुटते, हे १९२० च्या दशकात जपानच्या ओगिनोंनी आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. त्यावरचे गणित असे: मागच्या पाळ्यांतले सर्वांत लहान चक्र घ्यायचे, त्यातून १८ वजा करायचे, सर्वांत मोठ्यातून ११. हिची चक्रे २६ ते ३१ दिवसांची. म्हणजे आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत बंदी! सहाचे तेरा झाले.

“आणि नुसत्या कॅलेंडरवर विसंबूही नका,” बाई म्हणाल्या. आपल्या सरकारने १९५२ च्या सुमारास हाच मार्ग अजमावला होता. डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला जोडप्यांना तो शिकवला. दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. पण फार थोड्या जोडप्यांच्या हातून तो नेमाने पाळला गेला.

म्हणून बाईंनी आणखी दोन खुणा शिकवल्या. पहिली तापाची. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमापक जिभेखाली धरायचा. बीज सुटले की शरीर किंचित तापते, अर्धाएक अंश. सहा दिवसांच्या खालच्या आकड्यांनंतर लागोपाठ तीन दिवस वरचे आकडे आले, की धोका टळला. दुसरी खूण ओलाव्याची. बीज सुटायच्या सुमारास योनीतला स्राव निसरडा, पारदर्शक होतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जातो. मेलबर्नच्या बिलिंग्ज दांपत्याने या खुणेचा विशेष अभ्यास केला.

“आमच्याकडे अंडी आणत नाहीत हो,” ही पुटपुटली.

“पाकाची तार ओळखता ना?” बाईंनी विचारले. हिला हसू फुटले आणि ती खूण तिला जन्माची कळली.

निघताना बाईंनी माझ्याकडे बोट केले. “वही यांनी लिहायची. नाहीतर हे तुमचं एकटीचं आणखी एक काम होईल.”

पाच वाजता नळाला पाणी येई आणि ही उठे. त्याआधी ताप घ्यायचा म्हणून मी पावणेपाचचा गजर लावू लागलो. बॅटरीच्या उजेडात मी पारा वाचायचा आणि वहीत टिपायचा. “रोज पहाटे कसला रे उजेड?” असे आईने एकदा विचारलेही. मी म्हटले, “हिशेब.” बंदीच्या दिवसांत आम्ही रात्री गच्चीवर बोलत बसू. लग्नानंतर इतके बोलणे कधी झाले नव्हते.

वर्षभर सारे सुरळीत गेले आणि मला आपण तज्ज्ञ झालो असे वाटू लागले. मग १९९६ ची दिवाळी आली. फराळाच्या धावपळीत हिला कणकण होती. वहीत तीन दिवस ९८ च्या वरचे आकडे. मी म्हटले, “झालं, सुटलो!” ही म्हणाली, “पण मला अजून तार वाटतेय.” मी वही पुढे केली. आकडे कसे खोटे बोलतील? ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

पाळीची तारीख गेली. पाच दिवस गेले, आठ गेले. घरात कोणी काही बोलेना. दहाव्या दिवशी रात्री ती एवढेच म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हांला.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पाळी आली.

बाईंनी वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. तो साधा ताप होता! आजारपणाने बीज सुटणेच लांबले, म्हणून पाळीही लांबली. आमचे नुसते दैव चांगले. “आकडा आणि ओलावा यांचं जमत नसेल, तर थांबायचं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी वहीत आणखी एक रकाना आखला: ‘तिचे म्हणणे’. तो भरल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असे ठरले. पुढे १९९८ साली ज्या दिवसांवर आम्ही फुल्या मारत आलो, तेच दिवस आनंदाने निवडले. मुलगी १९९९ ची.

हा मार्ग सर्वांसाठी नाही. पाळी अनियमित असेल, मूल अंगावर पीत असेल, पाळी जाण्याचे वय जवळ आले असेल, तर खुणा फसवतात. नवे मूल मुळीच परवडणारे नसेल, तर डॉक्टरांकडून अधिक भरवशाचा उपाय घ्यावा. मण्यांची माळ नव्या रूपात परत आली. तिची २००२ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, अचूक पाळले तर वर्षात शंभरांत सुमारे पाच जणींना दिवस जातात, एरवी बारा जणींना. हे अंतर माणसांच्या चुकांचे आहे. त्यातली एक माझी.

गेल्या वर्षी मुलीचे लग्न झाले. हिने तिला ती वही दाखवली, तेव्हा ती हसून म्हणाली, “आई, हे सगळं आता फोनमध्ये असतं. तोच दिवस सांगतो.”

“सांगू दे,” ही म्हणाली, “पण जावईबापूंना म्हणावं, हा शेवटचा रकाना तेवढा आखून घ्या.”