वहीतला ५८ चा आकडा

सकाळची गडबड आटोपली असेल, नाहीतर अजून एखादी भाकरी तव्यावर असेल. असू द्या. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडे द्या. आज मी कर्जाबद्दल किंवा हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या आठवी, नववी, दहावीतल्या लेकरांबद्दल. ती स्वतःच्या हाताने विज्ञानातलं संशोधन करू शकतात का, आणि त्यात आपण आयांनी काय करायचं, याबद्दल.

आधी माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा आठवीत होता. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने सांगितलं, "आई, उद्या प्रयोग न्यायचाय." मी तशीच तालुक्याला गेले आणि दुकानातून थर्माकोलचं तयार मॉडेल आणलं. घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत जातं, असं ते मॉडेल. दिसायला फार सुरेख. परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या स्वतःच्या घरावरून किती पाणी निघेल रे?" लेकराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चार्टकडे पाहिलं. चार्टवर ते लिहिलेलं नव्हतं.

घरी येताना आम्ही दोघंही गप्प होतो. पैसे मी दिले, थर्माकोल दुकानदाराने कापलं, माहिती पुस्तकातली. मग माझ्या मुलाचं त्यात काय होतं?

तेव्हा मला फरक कळला. मॉडेल म्हणजे दुसऱ्याने शोधलेलं आपण मांडून दाखवणं. संशोधन म्हणजे आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच बघून, मोजून, लिहून काढणं. त्याला मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. मी बी.ए. झालेली बाई, विज्ञान माझं दहावीनंतर सुटलं. तरी हे मी तुम्हाला सांगू शकते, कारण गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीने ते माझ्या डोळ्यांदेखत केलं.

ही मुलगी नववीत जाणार होती. शाळेच्या बाईंनी सुट्टीत करायला एक काम दिलं होतं. "घरातला एक असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर मोजून मिळेल." आता आमच्याकडे मे महिन्यात घरोघरी एकच विषय असतो, सोयाबीनचं बियाणं. हिच्या घरीही घरचंच बियाणं राखलेलं. काही गोण्या आतल्या खोलीत लाकडी फळ्यांवर, आणि जागा पुरली नाही म्हणून काही बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये, खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून. वडील म्हणायचे, "एकाच वावरातलं, एकाच दिवशी मळलेलं. बियाणं सारखंच." मुलीने वहीत प्रश्न लिहिला, "दोन्ही जागचं बियाणं सारखंच उगवेल का?"

मैत्रिणींनो, पहिली पायरी हीच, प्रश्न. "प्रदूषण का होतं?" हा प्रश्न मोठा आहे, पण नववीतल्या पोरीच्या हातात मावत नाही. प्रश्न असा हवा की लेकराला तो घरात, शेतात, गावात तपासता येईल आणि उत्तर आकड्यात सांगता येईल.

दुसरी पायरी, आधी अंदाज लिहायचा. पुस्तकात याला गृहीतक म्हणतात. तिने लिहिलं, "मला वाटतं, आतलं बियाणं जास्त उगवेल." अंदाज चुकला तरी चालतो. पण तो आधी लिहावा, म्हणजे नंतर "मला माहीतच होतं" असं म्हणायची सोय राहत नाही.

तिसरी पायरी, तुलना करताना बाकी सगळं सारखं ठेवायचं. एक पोतं एका वाणाचं आणि दुसरं दुसऱ्या वाणाचं असतं, तर फरक जागेमुळे पडला की वाणामुळे, हे कळलंच नसतं. इथे वाण एक, वावर एक, मळणी एक. वेगळी होती ती फक्त ठेवायची जागा.

चौथी पायरी मोजणी. बियाण्याची उगवण घरी कशी तपासतात ते तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे, तरी सांगते. गोणीच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढायचे आणि एकत्र करायचे. त्यातून न निवडता १०० दाणे मोजायचे. इथे एक गंमत झाली. तिची आई मदतीला बसली आणि सवयीने टपोरे टपोरे दाणे वेचायला लागली. मुलगी म्हणाली, "आई, असं नाही. पेरताना आपण निवडतो का? जसं येईल तसं घे." मग ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दाण्यादाण्यात थोडं अंतर ठेवायचं, वरून दुसरा ओला तुकडा घालून हलकी गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. गोणपाट सुकू द्यायचं नाही. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले, सशक्त कोंब तेवढे मोजायचे. शंभरातले जितके उगवले, तितके टक्के उगवण. सोयाबीनला निदान ७० टक्के उगवण हवी असं धरलं जातं. एक जपायचं, औषध लावलेलं बियाणं असेल तर लेकरांना उघड्या हाताने हाताळू देऊ नका.

पाचवी पायरी, पुन्हा करायचं. एकदा मोजून खात्री होत नाही, म्हणून तिने दोन्ही जागच्या दाण्यांच्या तीन-तीन गुंडाळ्या ठेवायच्या ठरवल्या. पण पहिल्याच खेपेला घरचे सगळे मामाकडे लग्नाला गेले आणि गोणपाट वाळून खडखडीत झालं. तिने ते पान फाडलं नाही. त्यावर लिहिलं, "पाणी घालायचं राहिलं. मोजणी धरायची नाही. पुन्हा सुरू केलं." मला त्या पानाचं फार कौतुक वाटलं. आपल्या गटाच्या रोकडवहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करतो, तसंच हे.

आणि आता खरी गोष्ट. दुसऱ्या खेपेचे कोंब मोजले. आतल्या गोण्यांची सरासरी आली ७६. पत्र्याखालच्या गोण्यांची आली ५८.

अडचण अशी होती की पत्र्याखालच्या त्याच गोण्या आमच्या गटातल्या दोघीजणींना बियाण्याच्या भावाने द्यायचं मुलीच्या वडिलांनी कबूल केलं होतं. ५८ ही गोष्ट बाहेर पडली असती तर बियाण्याचा भाव मिळाला नसता, माल मोंढ्यावर नेऊन साधा धान्य म्हणून विकावा लागला असता. त्या संध्याकाळी तिची आई माझ्या दारात आली. म्हणाली, "ताई, तुमचं ती ऐकते. तिला म्हणावं ५८ चे ७८ कर. शाळेचीच तर वही आहे, कोण बघतंय?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला पटकन "नाही" म्हणता आलं नाही. त्या घरावर कर्ज आहे, हे मला ठाऊक होतं. त्यात थर्माकोलचं मॉडेल विकत आणणारी मीच. मी कोणत्या तोंडाने बोलणार? थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्याच बसलो. मग मी कपाटातून आमच्या गटाचं रजिस्टर काढलं आणि तिला विचारलं, "यात जर मी कुणाच्या बचतीचा आकडा असा बदलला, तर चालेल का तुला?" ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "पोरीचं चुकलं असेल तर पुन्हा मोजू. नसेल चुकलं, तर मग बघू."

तेच बरोबर होतं. संशोधनात आकडा आवडला नाही तर तो बदलायचा नसतो, पुन्हा मोजायचा असतो. या वेळी मुलीने गुंडाळ्यांवर जागेचं नाव न टाकता नुसते क्रमांक टाकले. मोजायला गटातल्या दुसऱ्या दोघी बसवल्या. कोणती गुंडाळी कुठली, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे मन कुणाकडेही झुकायला नको. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण पत्र्याखालचं बियाणं पुन्हा सत्तरच्या बरंच खाली राहिलं.

त्या दोघींनी ते बियाणं घेतलं नाही, आतल्या गोण्यांतलं घेतलं. बाहेरचं मोंढ्यावर गेलं. घरात पैशाचा फटका बसला, हे मी लपवत नाही. वडील चार-आठ दिवस मुलीशी धड बोलले नाहीत. पण विचार करा, ते बियाणं तसंच पेरलं गेलं असतं आणि शेजारणींच्या वावरात नांग्या पडल्या असत्या, तर दुबार पेरणीचा खर्च कुणी दिला असता? आणि एका गावात राहून आपण एकमेकींना तोंड कसं दाखवलं असतं?

सहावी आणि शेवटची पायरी, जितकं दिसलं तितकंच म्हणायचं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, दाणा नाजूक असतो. ओल, उष्णता, आदळआपट यांनी उगवण घटते, हे कृषी खातं सांगतंच. पण मुलीने निष्कर्षात काय लिहिलं बघा. "आमच्या घरी पत्र्याखाली जमिनीवर ठेवलेलं बियाणं कमी उगवलं. ते पत्र्याच्या उष्णतेमुळे की जमिनीच्या ओलीमुळे, हे मला यावरून सांगता येत नाही." आणि खाली पुढचा प्रश्न, "शेडमध्येच फळीवर ठेवलं तर?" एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघाला, म्हणजे गाडी रुळावर आहे असं समजावं.

आता आपण आयांनी काय करायचं? उत्तर सांगायचं नाही. हे फार जड जातं, कारण आपल्याला वाटतं लेकराचं लवकर व्हावं. उत्तराऐवजी चार प्रश्न विचारा. तू काय पाहिलंस? कसं मोजलंस? दुसऱ्या कशामुळे असं झालं असेल का? पुन्हा करून बघितलंस का? हे विचारायला शिक्षण लागत नाही. रोज पाच मिनिटं वही बघा, तारीख लिहिली का तेवढं बघा. आणि मुलीला तेवढी पाच मिनिटं मोकळी द्या. मुलगा प्रयोग करत असेल तर आपण त्याला हाक मारत नाही, मुलगी करत असेल तर "आधी भांडी घास" म्हणतो. हे माझ्याही घरात होतं.

ज्या शोधामुळे विज्ञान दिन पाळतात, तो सर सी. व्ही. रामन यांचा १९२८ चा शोध. त्याच रामन यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या संस्थेत कमला भागवत नावाच्या मराठी मुलीला, केवळ ती मुलगी म्हणून, आधी प्रवेश नाकारला होता. ती मागे हटली नाही. शेवटी अटी घालून तिला घेतलं. त्याच पुढे कमला सोहोनी झाल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि नंतर मुंबईत नीरेसारख्या गरिबाला परवडणाऱ्या पेयात पोषण किती आहे, याचा अभ्यास केला. त्यांचाही प्रश्न आपल्या रोजच्या खाण्यापिण्यातलाच होता.

शाळेत दोन गोष्टींची चौकशी जरूर करा. १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली, तिच्यात मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर असाच प्रकल्प करतात. आणि केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर १०,००० रुपये येतात. त्यात नाव शाळेकडूनच जातं, म्हणून मुख्याध्यापकांना विचारा आणि लेकराचं खातं उघडून ठेवा. पण बक्षिसासाठी म्हणून सुरुवात करू नका. बक्षीस एखाद्यालाच मिळतं, मोजायची सवय सगळ्यांना लागते.

त्या मुलीच्या घरी यंदा पत्र्याखाली एकही गोणी जमिनीवर नाही. फळ्या वडिलांनीच आणल्या.

आणि माझा मुलगा? एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हे कळल्यावर त्याने फूटपट्टी घेऊन आमच्या घराचा पत्रा मोजला. या पावसाळ्यात सरळ काठाचा एक डबा अंगणात मोकळ्यावर ठेवलाय. रोज सकाळी पट्टी घालून पाणी मोजतो आणि लिहितो. त्याच्या वहीत दोन दिवस कोरे आहेत. तिथे लिहिलंय, "झोपलो होतो." मी ते तसंच राहू दिलंय.

पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या लेकराला पडलेला एक प्रश्न आणा. उत्तर आणू नका. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.