सासऱ्यांचा मुक्काम आणि घरातील अधिकार

अमेरिकेतील मराठी घरांत आई-वडील काही महिन्यांसाठी येतात, तेव्हा नातवंडांना आजी-आजोबांचा सहवास लाभतो आणि घरात पुन्हा मराठी नांदू लागते. मात्र येणारे सासरे हुकमी स्वभावाचे असतील, तर दोन-तीन आठवड्यांतच कुरबुर सुरू होते. जेवण किती वाजता, हीटर किती अंशांवर, मुलांनी काय घालावे, येथपासून गावच्या घरासाठी किती पैसे पाठवावेत येथपर्यंत त्यांचा शब्द अंतिम ठरू लागतो. याचा भार बहुधा सुनेवर पडतो.

या वागण्याचे कारण पुष्कळदा परिस्थितीत असते. भारतात निवृत्त गृहस्थाचा दिवस सकाळचा फेरफटका, मंडई, बँक, ज्येष्ठ नागरिक संघ आणि कट्ट्यावरच्या गप्पा यांत सरतो. अमेरिकेच्या उपनगरात पायी जाण्याजोगे दुकानही नसते, गाडीसाठी मुलावर विसंबावे लागते आणि साडेनऊ ते साडेतेरा तासांच्या फरकामुळे मित्रही फोनवर भेटत नाहीत. आयुष्यभर चार ठिकाणी चाललेला अधिकार मग एकाच घरात एकवटतो. हे जाणल्याने त्यांचे वागणे रास्त ठरत नाही. पण उपाय कोठे करावा, हे उमगते.

पहिला उपाय तिकीट काढण्यापूर्वीचा आहे. बी-२ व्हिसावर येणाऱ्यांना साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहू दिले जाते आणि परतीची अंतिम तारीख आय-९४ नोंदीत असते. ती कमाल मर्यादा आहे. तरीही ‘एवढे भाडे भरलेच आहे’ म्हणून अनेक घरे ती पूर्ण वापरतात. संबंध ताणलेले असतील तर पती-पत्नींनी आधी एकमताने दोन महिन्यांसारखी मुदत ठरवावी आणि परतीचे तिकीट तसेच काढावे. मुदतवाढीचा अर्जही दोघांच्या संमतीखेरीज करू नये.

सून एच-४ व्हिसावर असेल तर अधिक विचार हवा. २०१५ पासून काही एच-४ धारकांना नोकरीचा परवाना मिळतो. इतरांना मिळत नाही. अशी सून दिवसभर सासऱ्यांसोबत घरात असते आणि ‘तू घरीच तर असतेस’ हे वाक्य तिला रोज ऐकावे लागते. तिच्या विश्रांतीचे व बाहेर पडण्याचे तास मुलानेच ठरवून वडिलांना सांगावेत.

वडिलांशी बोलण्याची जबाबदारी मुलाची आहे. सुनेने सांगितले तर ते उद्धटपणा ठरते आणि मुलगा गप्प राहिला तर त्याचे मौन संमती मानले जाते. नातवंडांसमोर न बोलता, एकांतात, ‘बाबा, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे,’ एवढे वाक्य पुरते. त्यात ‘तिला आवडत नाही’ असे म्हणू नये. तसे म्हटल्यास राग तिच्याकडे वळतो.

मर्यादा थोड्याच असाव्यात: घरचा पैसा, मुलांचे संगोपन, सुनेची नोकरी आणि तिच्या माहेरच्यांचा मान. जेवणाची वेळ वा दूरदर्शनवरील मालिका यांत खुशाल नमते घ्यावे. आरोग्य विम्याबाबत मात्र ‘मला काही होत नाही’ हे मान्य करू नये. पाहुण्यांना मेडिकेअर लागू होत नाही आणि पर्यटक विम्यांत पूर्वीच्या आजारांवर बहुधा मर्यादा असतात. म्हणून पॉलिसी नीट वाचूनच घ्यावी.

सासऱ्यांना स्वतःचे क्षेत्रही द्यावे. नातवंडांचे मराठी वाचन, परसातील भाजी, सार्वजनिक ग्रंथालय, स्थानिक महाराष्ट्र मंडळातील समवयस्क यांपैकी काही आल्यापासून पहिल्याच आठवड्यात सुरू झाले, तर हुकूम सोडण्याची गरज पुष्कळ ओसरते.

परंतु धमक्या, पासपोर्ट काढून घेणे, पैसे अडवणे किंवा हात उगारणे हा स्वभावाचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून ‘सखी’ या संस्था कार्यरत आहेत. कौटुंबिक हिंसेविरुद्धची राष्ट्रीय मदतवाहिनी १-८००-७९९-७२३३ या क्रमांकावर आहे. तातडीच्या धोक्यात ९११ लावावा.

मुक्काम संपल्यावर पती-पत्नींनी शांतपणे बसून काय निभले आणि काय जड गेले, याचा आढावा घ्यावा. पुढील भेटीची मुदत त्यावरूनच ठरवावी.