माप आतलं की बाहेरचं? घरी बनवलेली कॉम्प्युटरची केस

मंडळाचा कॉम्प्युटर गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी आला, तेव्हा त्याच्या बुडाचा पत्रा नुसत्या बोटाने दाबला तरी भुगा होऊन पडत होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. मंडळाच्या खोलीत तो जमिनीवर ठेवलेला, शेजारची भिंत ओली, आणि दोन पावसाळे त्याला कुणी जागेवरून हलवलेलं नाही. पॉवरचं बटण तुटून आत गेलेलं. सुरू करायचा तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक आतल्या दोन पिनांना टेकवावं लागायचं. आतला सगळा माल मात्र ठणठणीत होता. आणि त्याच्या हार्ड डिस्कवर याच ई-मासिकाचे मागचे सगळे अंक होते, मूळ फाइल्ससकट. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

नवीन केस घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. मी म्हटलं, मी घरी बनवते. साहित्याची विद्यार्थिनी पत्रा कापणार म्हटल्यावर जे हसायचं ते सगळे हसून घेतले. त्या दीड महिन्यात मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

खोकं नव्हे, व्यवस्था

केस नसेल तर कॉम्प्युटर चालत नाही असं काही नाही. १९७६ साली अ‍ॅपल कंपनीने आपला पहिला कॉम्प्युटर ६६६.६६ डॉलरला विकला, तो म्हणजे नुसता जोडलेला सर्किट बोर्ड होता. कीबोर्ड, वीजपुरवठा आणि खोकं हे गिऱ्हाइकाने आपलं आपण बघायचं. कितीतरी जणांनी घरी लाकडी पेट्या केल्या. त्यातली एक अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आजही आहे. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही.

मग केस कशासाठी? चार कामांसाठी. आतल्या वस्तू हलू न देता धरून ठेवायच्या. आतली गरम हवा बाहेर काढून थंड हवा आत घ्यायची. सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडून अर्थिंगपर्यंत न्यायचे. आणि धूळ, पाल, झुरळ, मांजर यांना बाहेर ठेवायचं. या चारांतलं एक जरी विसरलं तर जे उरतं ते खरंच नुसतं खोकं.

हे काम घरी जमण्यासारखं आहे याचं श्रेय एका मानकाला जातं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं मानक आणलं. मदरबोर्ड केवढा असावा, त्याला स्क्रूची भोकं कुठे असावीत, मागच्या जोडण्यांची खिडकी किती लांब-रुंद, हे सगळं त्यात ठरलेलं आहे. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. मागची खिडकी तिन्हींना तीच, १५८.७५ × ४४.४५. बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, या जागा बदलत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर हे वृत्तासारखं आहे. गण ठरलेले, शब्द आपले.

माप

मी आधी कागदावर छान चित्र काढलं आणि ते घेऊन आमच्या चर्चमधली बाकं दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "माप आतलं घेतलीयास की बाहेरचं? ते सांग बघू आधी."

मला उत्तर देता आलं नाही. मी बाहेरची मापं लिहिली होती. प्लायवूड १२ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २४ मिलिमीटर आतून जाणार. माझ्या चित्राप्रमाणे कापलं असतं तर पॉवर सप्लाय आत बसलाच नसता. शिवाय करवतीचं पातंही दरवेळी दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं. तेही धरावं लागतं.

तेव्हा मापं आतून सुरू करायची. आमचा बोर्ड मायक्रो एटीएक्स. पॉवर सप्लाय नेहमीच्या मापाचा, १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच, १४० खोल. तो तळाशी ठेवला, वर बोर्ड उभा. उंची झाली ८६ अधिक २४४ अधिक मधली-वरची मोकळी जागा, मिळून ३६०. रुंदी पॉवर सप्लायच्या १५० पेक्षा थोडी जास्त, १६५. खोली बोर्डाची २४४, पुढच्या पंख्याची जाडी २५, आणि केबलना वळायला जागा, मिळून ३२०. प्रोसेसरवरचा कूलर किती उंच आहे तेही बघून घ्या. आमचा छोटा होता. पण उंच मनोऱ्यासारखे कूलर १५०-१६० मिलिमीटरचे असतात. ते १६५ रुंदीच्या केसमध्ये मावत नाहीत, कारण बोर्डाखालचे खांब आणि बोर्डाची जाडी यांनी आधीच थोडी जागा खाल्लेली असते.

काकांचा आणखी एक सल्ला: पुठ्ठ्याची केस आधी कर. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची केली, सगळं आत ठेवून बघितलं. तेव्हा कळलं की पॉवर सप्लायच्या जाड केबलना वळायला जागाच ठेवली नव्हती. पुठ्ठा बदलायला पाच मिनिटं लागली. लाकूड असतं तर पाटच वाया गेला असता.

लाकूड आणि पत्रा

बाहेरची पेटी प्लायवूडची केली. साधी फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला सरकू देत नाही. बेळगावात ओलीला टिकणारं प्लाय घेणं बरं. काकांकडे स्वयंपाकघराच्या कपाटाचे तुकडे उरले होते, ते मिळाले. कडा गुण्याने तपासायच्या, फेविकॉल लावून स्क्रू मारायचे, आणि रात्रभर शिकंजात ठेवायचं. पप्पांनी सकाळी बघून विचारलं, "ही केस आहे की दानपेटी?" दिसत होती तशीच.

पण सगळंच लाकडाचं करून चालत नाही. बोर्डाच्या मागे आणि केसच्या मागच्या बाजूला धातू हवा. मी १ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा घेतला, दोन लाकडी पट्ट्यांत आवळून हातोडीने काटकोनात वाकवला. एक पाय बोर्डाच्या मागे, दुसरा केसची पाठ. जाड पत्रा घेण्याचा मोह होतो, पण मागच्या खिडकीत बसणारी पत्र्याची चौकट १ मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यातच कट्‌कन बसते. जाड पत्र्यात ती धरत नाही. खिडकी कापायची तर चार कोपऱ्यांत भोकं, मधल्या रेषा हेक्सॉच्या सुट्या पात्याने, आणि मग कानस. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. धीर नसेल तर जुन्या केसचा मागचा पत्रा चांगला असेल तर तोच काढून वापरा, त्यात कमीपणा नाही. आमचा गंजला होता.

धातू हवा तो अर्थिंगसाठी. पॉवर सप्लायचं धातूचं अंग तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला जोडलेलं असतं. ते मागच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसलं की पत्रा जमिनीला जोडला जातो, आणि बोर्डाचे स्क्रूही त्याच पत्र्यात. पत्र्याला रंग दिला असेल तर स्क्रूच्या जागी तो खरवडून काढायचा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या लोखंडी केसला हात लावला की मम्मीला झिणझिण्या यायच्या. लाकडी केस झाल्यावर त्या थांबल्या आणि ती खूश झाली. पण लाकडाने फक्त झिणझिण्या झाकल्या. अर्थिंगची तार नसेल तर पॉवर सप्लायमधल्या भागांतून थोडी वीज धातूच्या अंगावर येते, आणि मागच्या पत्र्याला हात लावला असता तर त्या पुन्हा आल्याच असत्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आमच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे तारच नव्हती. केस बनवायला घेण्याआधी सॉकेट तपासून घ्या. आणि पॉवर सप्लाय स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

हवा

लाकडाची केस तापणार नाही का, हे मला सगळ्यांनी विचारलं. खरं तर केसच्या भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता थोडीच असते. लोखंडी केसमध्येही मुख्य काम हवाच करते. हिशोब सोपा आहे. आत १५० वॅट उष्णता तयार होत असेल आणि सेकंदाला २० लिटर हवा आरपार जात असेल, तर ती हवा साधारण ६ अंशांनी तापून बाहेर पडते. हवा निम्मी झाली तर १२ अंश. म्हणून भिंत कशाची यापेक्षा वाट मोकळी आहे की नाही हे बघायचं.

पुढे खाली एक १२० मिलिमीटरचा पंखा हवा आत घेतो, मागे वर दुसरा बाहेर टाकतो. गरम हवा वर जाते, तिला उलटं ओढायचं नाही. पंख्याच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर. पंखा कुठल्या बाजूने हवा टाकतो ते ओळखायची खूण म्हणजे ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणाऱ्या काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर येते. तळाच्या पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून आहे, म्हणून तळाला खिडकी आणि केसला पाय दिले. पायांचा दुसरा फायदा, फरशीची ओल वर चढत नाही. पुढच्या खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावली. ती महिन्याला धुवायची, नाहीतर धुळीने वाट बंद होते आणि वरचा सगळा हिशोब फुकट जातो.

बटण, आणि एक जास्तीचा खांब

पॉवरच्या बटणाला दाराच्या बेलचं बटण वापरलं. कॉम्प्युटरचं बटण दिव्याच्या बटणासारखं चालू-बंद राहत नाही, क्षणभर दोन पिना जोडतं आणि सोडतं. बेलचंही तसंच. दिव्याचं बटण लावलं तर पिना जोडलेल्याच राहतील, आणि चार-पाच सेकंद तसं राहिलं की कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मिस्साहून आल्यावर सगळं जोडलं. बेल दाबली. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायची हिंमत झाली नाही. मासिकाचे सगळे अंक त्यात होते आणि मी प्रत काढली नव्हती. आधी करायचं काम मी शेवटी ठेवलं होतं. त्या अंकांत आधीच्या मुलांच्या कविता होत्या, ज्यांचे फोन नंबरही आता आमच्याकडे नाहीत.

प्लग काढला आणि सगळं पुन्हा सोडलं. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी खांब लावतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. एक भोक पाडताना माझ्या हातून सेंटीमीटरभर सरकलं होतं. मी शेजारी बरोबर जागी दुसरं पाडलं, पण चुकीच्या भोकातला खांब काढायला विसरले. तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकत होता, आणि वीज थेट पत्र्यात जात होती. पॉवर सप्लायने ते ओळखून स्वतःला बंद केलं, म्हणून बोर्ड वाचला. डिस्क तशीही बहुतेक सुरक्षित होती, पण हे मला नंतर कळलं. तो अर्धा तास माझा मी काढला.

खांब काढला. बेल दाबली. चालू झाला. सगळ्यात आधी अंकांच्या दोन प्रती काढल्या, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. मग जेवले.

एवढं लक्षात ठेवा

बोर्डाला जेवढी भोकं, खाली तेवढेच खांब, मोजून घ्या. केसचे स्क्रू दोन मापांचे असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. जो सहज फिरत नाही तो जोर लावून घालू नका. बोर्ड हातात घेण्याआधी पॉवर सप्लायच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. आणि आधी प्रत काढा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला.

एक त्रुटी राहिली आहे. लोखंडी केस कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी बऱ्याच अडवते, लाकूड अडवत नाही. आजीचा रेडिओ शेजारच्या खोलीत असला की सांगली आकाशवाणी खरखरते. पुढच्या सुट्टीत आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून तो मागच्या पत्र्याला जोडायचा आहे. तोवर आजीने रेडिओ स्वयंपाकघरात नेला आहे.

केस आता मंडळाच्या खोलीत आहे, जमिनीवर नाही, टेबलावर. हा अंक तिच्यातच जुळवला आहे. सुतारकाका एकदा बघायला आले होते. कडांवरून हात फिरवला, मागची खिडकी बघितली, आणि एवढंच म्हणाले, "आतून मोजलीस, म्हणून बसलं."