चक्रीय जीएमपी : ग्राही, अतिसार आणि जलसंजीवनी

पेशीबाहेरचा संदेश आत पोहोचविण्याचे कार्य पेशीपटलावरील ग्राही प्रथिने करतात. यांपैकी काही ग्राही स्वतः विकरही असतात. त्यांचा बाहेरचा भाग संप्रेरकाशी बद्ध होतो आणि आतील भाग जीटीपी या रेणूपासून चक्रीय जीएमपी तयार करतो. या गटास ‘ग्वानिलिल सायक्लेज’ म्हणतात.

रेणू एकच असला तरी त्याचे कार्य ऊतीनुसार बदलते. हृदयाच्या कर्णिकांवर ताण पडल्यास एएनपी हे संप्रेरक स्रवते; १९८१ मध्ये द बोल्ड यांनी त्याचा मागोवा घेतला. ते मूत्रपिंड व रक्तवाहिन्यांतील ‘ए’ ग्राहीस जोडले जाते. परिणामी मीठ व पाणी मूत्रावाटे बाहेर पडून रक्तदाब उतरतो. ‘बी’ ग्राही हाडांच्या वाढीस साहाय्य करतो. ‘सी’ ग्राही प्रामुख्याने आतड्याच्या अस्तरात आढळतो.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा ‘सी’ ग्राही विशेष महत्त्वाचा आहे. ग्वानिलिन या संप्रेरकाच्या साहाय्याने तो आतड्यातील पाणी व क्षारांचा समतोल राखतो. ई. कोलाय जीवाणूंच्या काही जातींचे उष्णतास्थिर विष ग्वानिलिनशी साम्य असल्याने याच ग्राहीस चिकटते. चक्रीय जीएमपी बेसुमार वाढते, क्लोराइडचा मार्ग उघडतो, सोडियमचे एक शोषणद्वार मंदावते आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात झिरपते. बालकांमध्ये निर्जलीकरण प्राणघातक ठरू शकते. पटकीचे विष चक्रीय एएमपी वाढवते. परंतु क्लोराइडचा मार्ग तोच असतो.

येथे एक बाब निर्णायक ठरते. ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेणारी वाहक यंत्रणा या विषांमुळे बंद पडत नाही. जलसंजीवनीत साखर व मीठ दोन्ही असण्याचे कारण हेच. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण तोंडावाटे दिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. आज जलसंजीवनीसोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देण्याची शिफारस आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. संध्या विश्वेश्वरैया यांनी ‘सी’ ग्राहीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. याच ग्राहीस चालना देणारे लिनॅक्लोटाइड हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत बद्धकोष्ठतेसाठी मान्य झाले. ज्या मार्गाने विष अपाय करते, तोच मार्ग मोजून वापरल्यास उपचार ठरतो. अतिसार रोखण्यासाठी मात्र शुद्ध पाणी, स्वच्छता आणि घरोघरी जलसंजीवनीचे ज्ञान यांना पर्याय नाही.