फुकटच्या उन्हाचे नखरे

१९ मे २०१६ या दिवशी राजस्थानातल्या फलोदी गावात पारा ५१ अंश सेल्सियसवर गेला. भारतात तोवर एवढं तापमान कुठेच नोंदलं गेलं नव्हतं. आता एक कोडं घालते. फलोदीच्या वायव्येला, बाप तालुक्यात (हो, तालुक्याचं नावच बाप आहे, हसून घ्या), भडला नावाचं गाव आहे. तिथल्या वाळवंटात जगातल्या सर्वांत मोठ्या सौर उद्यानांपैकी एक उभं आहे. तर अशा ५१ अंशांच्या दुपारी तिथल्या सौर पॅनेलांची चंगळ होत असेल, नाही का?

‘होय’ म्हणून ज्यांनी हात वर केला, त्यांनी तो गुपचूप खाली घ्या. पॅनेलला हवा असतो उजेड. उष्णता त्याला अजिबात सोसत नाही. बाहेर ४५ अंश असतात तेव्हा उन्हात पडलेलं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. आणि २५ अंशांच्या वर दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.४ टक्क्यानं घटते. चाळीस अंश जास्त झाले की सोळा टक्के वीज गेली! म्हणून फेब्रुवारी-मार्चमधली निरभ्र, गार वाऱ्याची दुपार पॅनेलला मे महिन्यातल्या काहिलीपेक्षा जास्त मानवते.

असं का होतं, ते कळायला पॅनेलच्या आत डोकवावं लागेल. आत निळ्या-काळ्या चकत्या असतात, सिलिकॉनच्या. वाळूत असतं तेच हे सिलिकॉन, फक्त कमालीचं शुद्ध केलेलं. चकतीच्या एका थरात चिमूटभर फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉन. सूर्यापासून निघालेला उजेड आठ मिनिटं वीस सेकंदांचा प्रवास करून या चकतीवर आपटतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनांना जागेवरून उठवतो. ते दोन थर मिळून त्या उठलेल्या इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेला ढकलतात. इलेक्ट्रॉन एका दिशेनं निघाले की झाली वीज. कोळसा नाही, वाफ नाही, गरगर फिरणारं चाकसुद्धा नाही. चकती तापली की मात्र हे ढकलणं दुबळं होतं, व्होल्टेज घसरतं आणि वीज कमी मिळते.

उजेडातून वीज निघते हे पहिल्यांदा पाहिलं ते फ्रान्समधल्या एदमाँ बेकरेल यानं, १८३९ साली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पण कामाला येईल अशी सिलिकॉनची चकती बनायला १९५४ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ती बनली. पुढे कित्येक वर्षं ती इतकी महाग होती की बहुतेक करून उपग्रहांवरच बसायची.

मग ती भडल्याच्या वाळूत कशी येऊन पोचली? ही गोष्ट पैशांची आहे, आणि मला ती फार मजेदार वाटते. २०१० साली आपल्या देशानं राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलं. सरकारनं कंपन्यांना विचारलं, ‘सूर्याची वीज आम्हाला कितीला विकाल?’ नेहमीच्या लिलावात जो जास्त बोलतो तो जिंकतो. इथे उलटा लिलाव होता, जो कमी मागेल त्याला काम. सुरुवातीला कंपन्यांनी एका युनिटला बारा रुपयांच्या आसपास मागितले. कोळशाची वीज याहून कितीतरी स्वस्त होती, त्यामुळे अनेकांनी नाकं मुरडली. पण चीनमध्ये पॅनेलांचे प्रचंड कारखाने निघाले, सिलिकॉन स्वस्त झालं, बँकांचा धीर चेपला, आणि दर लिलावागणिक आकडा खाली येत गेला. मे २०१७ मध्ये भडल्याच्याच लिलावात तो आला २ रुपये ४४ पैशांवर! सात वर्षांत पाचवा हिस्सा. इतक्या वेगानं स्वस्त झालेली दुसरी कुठली वस्तू घरातल्या मोठ्यांना आठवते का, विचारून बघा.

अभियानाचं पहिलं लक्ष्य होतं २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट. २०१५ साली ते वाढवून थेट एक लाख केलं. २०२२ साल आलं नि गेलं, लाख काही झाले नाहीत. ते झाले २०२५ च्या सुरुवातीला. गणिताच्या बाई याला उशीर म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण २०१० साली आपल्याकडे सौरवीज जवळजवळ नव्हतीच, हे लक्षात घेतलं तर मी यातले फार गुण कापणार नाही.

आता पुन्हा भडल्याला जाऊ. हे उद्यान सुमारे १४ हजार एकरांवर पसरलंय, म्हणजे साधारण ५६ चौरस किलोमीटर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहून मोठं. क्षमता २,२४५ मेगावॉट. चांगल्या उन्हात एक किलोवॉटच्या पॅनेलांतून दिवसाला चार-पाच युनिट वीज मिळते. त्यावरून भडल्यात दिवसाला किती युनिट निघत असतील ते काढा बघू. उत्तर एक कोटीच्या आसपास यायला हवं. एखादं घर दिवसाला पाच युनिट वापरत असेल तर ही वीस लाख घरांची वीज झाली.

तिथली बहुतेक पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून कलती बसवलेली आहेत. का, ते शून्य सावलीचा दिवस अनुभवलेल्यांना चटकन कळेल. मुंबईत मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत एकेका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गायब होते. भडल्याला असा दिवस वर्षात एकदाही येत नाही. ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य तिथे कायम दक्षिणेकडे झुकलेला असतो. पॅनेलं त्याच्याकडे तोंड करणार नाहीत तर काय!

पण भडल्यातला खरा खलनायक वेगळाच आहे. धूळ! या भागात लू नावाचा भाजून काढणारा वारा वाहतो आणि धुळीची वादळं उठतात. इथे ढग कमी म्हणून ऊन भरपूर, आणि पाऊस कमी म्हणून धूळही भरपूर. एकासोबत दुसरं ठरलेलंच. काचेवर पातळ थर बसला तरी उजेड अडतो. बरं, अर्ध्याच पॅनेलवर धूळ असेल तर नुकसान अर्धंच होईल, असंही नाही. चकत्या एकीला एक जोडून रांगेत बसवलेल्या असतात. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात पुढे देणाऱ्यांच्या रांगेत एकानं जरी डुलकी काढली तरी सगळी रांग खोळंबते ना, तसंच इथे होतं. एका चकतीवर पक्ष्यानं शिटलं की तिच्या रांगेतल्या बाकीच्याही मंदावतात. म्हणून पॅनेलच्या मागे छोटे डायोड बसवतात. ते विजेला त्या आजारी भागाला वळसा घालून पुढे जायला वाट देतात.

हे घरी करून पाहता येईल. सौर चकती असलेला छोटा कॅल्क्युलेटर घ्या, दिव्याखाली धरा आणि चकतीवर बोट फिरवा. आकडे फिके व्हायला पूर्ण चकती झाकावी लागते की थोडीच पुरते, ते नीट पाहा. काही कॅल्क्युलेटरांत आत बटणाएवढा सेलही लपलेला असतो. आकडे ढिम्म हलले नाहीत तर समजा तो आहे.

मग धूळ पुसायची कशी? पाण्यानं? हिशेब करू. भडल्यातलं पॅनेल ३००-३५० वॉटचं धरलं तर तिथे चौसष्ट ते पंच्याहत्तर लाख पॅनेलं होतात. एकेकाला दोनच लिटर पाणी दिलं, तरी एका धुण्याला सव्वा कोटी लिटरहून जास्त लागेल. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे बाराशेहून जास्त टँकर! तेही अशा ठिकाणी, जिथे माणसांना आणि गुरांना पाणी जपून वापरावं लागतं.

म्हणून तिथे कोरड्यानं पुसणारे रोबो आणले. पॅनेलांच्या रांगेच्या रुंदीएवढा लांब, मऊ धाग्यांचा ब्रश, त्याला चाकं आणि एक बॅटरी, एवढाच त्याचा संसार. माणसासारखं तोंड-बिंड काही नाही, निराश होऊ नका. पॅनेलांच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून चाकं सरकतात आणि ब्रश गरगर फिरत धूळ उताराकडे ढकलतो. रांगेच्या टोकाला पोचला की परत फिरून आपल्या जागेवर उभा राहतो. बॅटरी भरायला त्याच्या डोक्यावर स्वतःचं इवलंसं पॅनेल असतं. आणि ड्यूटी अंधाराची! दिवसा फिरला तर त्याचीच सावली पॅनेलवर पडेल. पहाटेपर्यंत थांबूनही चालत नाही, कारण दव पडलं की धुळीचा चिखल होतो आणि तो वाळून काचेला घट्ट बसतो.

हे सगळं माझ्या भाचीला सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, “पण मावशी, आपण टीव्ही तर रात्री बघतो!”

बरोबर नस पकडली पोरीनं. वीज गोदामात भरून ठेवायची वस्तू नव्हे. ज्या क्षणी ती वापरायची, त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. नाहीतर देशभरच्या तारांमधली ५० हर्ट्झची लय बिघडते. अंधार पडला की घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात, आणि नेमका तेव्हा भडल्याचा सूर्य सुट्टीवर. मग कोळशाच्या आणि पाण्याच्या वीजकेंद्रांना भराभर जोर लावावा लागतो. २१ जून २०२० ला तर भर सकाळी सूर्यग्रहण लागलं आणि राजस्थानात सूर्याचा मोठा भाग झाकला गेला. पण ग्रहण मिनिटासेकंदाचं वेळापत्रक पाळतं, त्यामुळे वीज सांभाळणाऱ्यांनी आधीच तयारी करून ठेवली होती. खोड्या काढतात ते ढग. त्यांचं वेळापत्रक कुणी छापत नाही.

रात्रीसाठी आता मोठमोठ्या बॅटऱ्या बसू लागल्या आहेत. पण दुसरा एक उपाय आपल्या सह्याद्रीतच आहे, आणि मला तो जास्त आवडतो. अकोले तालुक्यात घाटघर आहे. तिथे घाटावर एक जलाशय आणि खाली कोकणाच्या अंगाला दुसरा. दोघांच्या मध्ये चारशे मीटरहून मोठा कडा. गरजेच्या वेळी वरचं पाणी बोगद्यातून खाली सोडतात आणि २५० मेगावॉट वीज मिळते. वीज उरली असेल तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरवून खालचं पाणी परत वर चढवतात. चढवायला चार युनिट लागली तर उतरताना तीनेक परत मिळतात. घाट्याचा सौदा वाटतो ना? पण दुपारी उरलेली चार युनिट वाया घालवण्यापेक्षा संध्याकाळी हातात आलेली तीन केव्हाही बरी. ही योजना झाली तेव्हा रात्रीची उरलेली वीज डोळ्यांसमोर होती. आता देशभर असे जोड-जलाशय दुपारच्या उन्हासाठी आखले जात आहेत.

सूर्याची वीज दिवसाच मिळते, याचा कुणाला फायदाही होतो का? होतो की! शेतकऱ्याला. आपल्याकडे शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते. मग थंडीत, अंधारात, सापकिरडू आणि बिबट्याची धास्ती घेऊन पिकाला पाणी द्यायला जावं लागतं. म्हणून २०१७ साली महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. गावाजवळच छोटी सौर केंद्रं उभारायची आणि तिथली वीज दिवसा पंपांना द्यायची. सुरुवातीच्या गावांत राळेगणसिद्धी होतं. मला विचाराल तर भडल्याच्या अवाढव्य आकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

राजस्थानातल्या सगळ्यांनाच मात्र हे पॅनेलांचे समुद्र आवडतात असं नाही. ‘ओसाड’ म्हणून कागदावर नोंदलेल्या जमिनीवर कुणाच्या तरी शेळ्या-मेंढ्या चरत असतात. सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडं तोडली म्हणून लोकांनी आंदोलनं केली आहेत. खेजडी म्हणजे आपली शमी. आणि माळढोक! सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य ज्याच्यासाठी राखलं, तोच हा पक्षी. आता देशात दीडशेच्या आसपासच उरलाय, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे समोरची तार त्याला नीट दिसत नाही. दिसली तरी दहा-पंधरा किलोचं धूड ऐनवेळी वळवणार कसं? वाळवंटातली वीज शहरांकडे नेणाऱ्या तारांवर आपटून माळढोक मेले आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं माळढोकांच्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. ते फार खर्चाचं आणि अवघड आहे, असं सरकार म्हणालं. २०२४ मध्ये न्यायालयानं आधीचा आदेश बदलून मार्ग सुचवायला तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर फिरत्या, चमकत्या चकत्या टांगणं हा एक उपाय आहे. पक्ष्याला त्या लांबून दिसतात.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आत्ता फार कुणाचं लक्ष नाही. पॅनेलचं आयुष्य पंचवीसेक वर्षांचं असतं. २०१७-१८ च्या सुमारास बसवलेली भडल्याची पॅनेलं २०४२-४३ कडे निवृत्त होतील. तेव्हा तुमचं वय किती असेल, मोजा. त्यांच्यात काच आहे, अॅल्युमिनियम आहे, सिलिकॉन आहे, थोडी चांदीसुद्धा आहे. सगळं परत वापरता येण्याजोगं. अडचण एकच. पाऊस-वाऱ्यात, ५१ अंशांत, पंचवीस वर्षं काही सुटून येऊ नये म्हणून काच आणि चकत्या प्लास्टिकच्या थरानं जाम चिकटवलेल्या असतात. आता काच न फोडता आणि थोडक्या खर्चात त्या सोडवायच्या कशा, यावर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत कुणी उष्णता, कुणी रसायनं, तर कुणी तापलेली पाती वापरून बघतंय.