नाकाचे ऑपरेशन : श्वासासाठी की दिसण्यासाठी?

कॅम्प चारमध्ये, सुभाष टेकडीपासून विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंतच्या वस्त्यांत फिरताना आम्हांला हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते : "ताई, नाकाचे ऑपरेशन करायचे आहे." असे म्हणणारे दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणजे जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसणारा माणूस. त्याची एक नाकपुडी कायम बंद असते, तो रात्रभर तोंडाने श्वास घेतो आणि सकाळी घसा कोरडा घेऊन उठतो. दुसरी म्हणजे लग्नाला आलेली मुलगी. बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी तिच्या नाकाला 'बसके' म्हणून गेलेले असते आणि तिची आई बचत गटातून कर्ज मिळेल का याची चौकशी करत असते. दोघांचाही शब्द एकच असला, तरी ऑपरेशने वेगळी आहेत. त्यांचा खर्च वेगळा आहे आणि सरकारी दवाखान्यातली वाटही वेगळी आहे.

आधी श्वासाचे बघू. नाकाच्या मधोमध एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा लवचिक असतो आणि मागचा हाडाचा. हा पडदा एका बाजूला झुकलेला असला की आपल्याकडे 'नाकाचे हाड वाढले' म्हणतात. हाड वाढलेले नसते, पडदा वाकडा असतो. केसपेपरवर डॉक्टर 'डीएनएस' लिहितात ते हेच. हा शब्द वाचून घाबरू नका. बहुतेक माणसांचा पडदा थोडाफार वाकडा असतोच आणि त्यांना त्याचा काही त्रासही नसतो. पडदा वाकडा दिसला म्हणून ऑपरेशन करत नाहीत. त्यामुळे श्वास अडत असेल आणि औषधांनी फरक पडत नसेल, तरच करतात.

नाक चोंदण्याचे कारण पुष्कळदा पडदा नसून बाजूच्या भिंतींवरच्या मांसल घड्या असतात. धूळ, धूर आणि ॲलर्जीने त्या सुजतात. कापडाचे बारीक तंतू दिवसभर नाकात जात असतील आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून डासांची कॉइल जळत असेल, तर पडदा सरळ करूनही नाक चोंदणारच. म्हणून डॉक्टर आधी काही आठवडे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात. 'स्टिरॉइड' ऐकून तो फेकून देऊ नका. नाकात मारायच्या फवाऱ्यातले औषध अंगात फार थोडे जाते. तो रोज मारायचा असतो आणि फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या बाजूच्या कानाच्या दिशेने धरायचे असते. त्याच्या जोडीला मिठाच्या पाण्याने नाक धुतले की बरे वाटते. अर्धा लिटर पाणी उकळून थंड करायचे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालायचे. नळाचे पाणी तसेच वापरू नये.

मेडिकलवाल्याकडून आणलेले, मिनिटभरात नाक मोकळे करणारे थेंब ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात. पुढे त्यांचीच सवय लागते, औषध उतरले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस पुन्हा तीच बाटली उघडतो. वर्षानुवर्षे उशाशी ही बाटली घेऊन झोपणारी माणसे आमच्या वस्त्यांत आहेत. त्यांना ऑपरेशनच्या आधी ती बाटली सोडवणारा डॉक्टर हवा असतो. लहान मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल आणि घोरत असेल, तर पडद्यापेक्षा नाकाच्या मागच्या ॲडिनॉइड गाठी वाढल्या असण्याची शक्यता जास्त असते. त्याची तपासणी आणि उपचार वेगळे आहेत.

एवढे करूनही नाक बंदच राहिले, तर डॉक्टर दुर्बिणीने आत पाहतात आणि पडद्याचे ऑपरेशन, म्हणजे सेप्टोप्लास्टी सुचवतात. त्यात चिरा नाकपुडीच्या आतून देतात. बाहेर टाका किंवा व्रण दिसत नाही आणि नाकाचा आकारही बदलत नाही. साधारण तास-दीड तासाचे काम असते. भूल बहुधा पूर्ण देतात, काही ठिकाणी जागा बधिर करूनही करतात. आधी रक्ताच्या तपासण्या होतात, गरजेप्रमाणे ईसीजी काढतात. या वेळी डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी, बीपी, शुगर, दारू सगळे सांगा. मिश्री आणि तपकीरही सांगा. बायका मिश्रीला व्यसनात धरत नाहीत, पण तिच्यातल्या निकोटीनमुळे जखम उशिरा भरते. तपकीर तर थेट त्याच जागी जाते. आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल आढळतो. तिकडून आलेल्या कुटुंबांनी ही तपासणी झाली नसेल तर भुलेच्या आधी करून घ्यावी आणि आजार असेल तर भूलतज्ज्ञाला स्पष्ट सांगावे. अशा रुग्णाला भुलेच्या वेळी पाणी, ऑक्सिजन आणि ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा माणसे पॅकला जास्त घाबरतात, आणि त्याबद्दल त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते. काही डॉक्टर पॅक न घालता आतून टाके घेतात, पण बऱ्याच ठिकाणी दोन्ही नाकपुड्या बोळ्यांनी भरलेल्या असतात. एक-दोन दिवस तोंडानेच श्वास घ्यायचा. ओठ सुकतात, डोळ्यांतून पाणी येते, डोके जड होते, घास गिळताना कान बंद झाल्यासारखे वाटतात. भुलेतून उठताना पुष्कळांना जीव गुदमरल्यासारखे वाटते. वॉर्डात नोकरीला असताना आम्ही बघितले आहे की ज्याला आदल्या दिवशी हे नीट समजावलेले असते, तो शांत पडून राहतो. ज्याला सांगितलेले नसते, तो पॅक ओढायला धावतो. रक्त पोटात गेल्यामुळे एखादी काळसर उलटी होऊ शकते. पॅक काढताना काही सेकंद फार विचित्र वाटते, म्हणून अर्धा तास आधी दुखणे कमी करणारी गोळी मागून घ्या. पडद्याला आधार म्हणून सिलिकॉनच्या पट्ट्या घातल्या असतील, तर त्या साधारण आठवड्याने काढतात.

पॅक निघाला की नाक लगेच मोकळे होईल अशी आशा धरू नका. सूज आणि खपल्यांमुळे एक-दोन आठवडे नाक बंदच वाटते आणि आतून पूर्ण बसायला दोन-तीन महिने लागतात. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. उशाला दोन उशा घ्यायच्या. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी उचलणे आणि वाकून लादी पुसणे बंद. घरातल्या बाईचे ऑपरेशन असेल तर पाणी कोण भरणार, हे तारीख घेण्याआधी घरात ठरवा. कामावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी जाता येते. धुळीचे किंवा ओझ्याचे काम असेल तर दोन-तीन आठवडे धरा आणि सुट्टीचा दाखला लिहून घ्या.

बहुतेकांना फायदा होतो, पण ॲलर्जी तशीच राहते. घोरणे जाईलच असे नाही. क्वचित पडद्याला भोक पडते, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, वरचे पुढचे दात काही दिवस बधिर राहतात किंवा पडदा पुन्हा झुकतो. ताजे लाल रक्त थांबत नसेल, ताप येत असेल, दुखणे वाढत जाऊन नाक एकदम गच्च झाले असेल, नजर अंधुक झाली असेल किंवा खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दिसण्याचे. आकार बदलण्याच्या ऑपरेशनला ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. यात कूर्चा कापतात किंवा दुसरीकडून आणून जोडतात, गरज पडल्यास नाकाचे हाड कापून बसवतात. डोळ्यांभोवती काळेनिळे होते, ते जायला दहा ते चौदा दिवस लागतात. नाकावर साधारण आठवडाभर साचा असतो. नंतर काही आठवडे चष्मा नाकावर टेकवता येत नाही. सूज हळूहळू उतरते आणि शेंड्याचा खरा आकार दिसायला वर्ष लागते. म्हणजे लग्न दोन महिन्यांवर असताना हे ऑपरेशन करून काहीच साधत नाही. त्वचा जाड असेल तर आतला बारीक बदल वरून दिसत नाही. शंभरात पाच ते पंधरा जणांना पुन्हा ऑपरेशन लागते. आणि नाक फार अरुंद केले, तर जिचा श्वास चांगला चालत होता तिलाही तो अडायला लागतो. नाकाची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे मुलींचे पंधरा-सोळा आणि मुलांचे सोळा-सतरा वर्षे वय होण्याआधी, केवळ दिसण्यासाठी हे करत नाहीत.

फाटलेले ओठ-टाळू, अपघात किंवा कॅन्सर यांमुळे नाक बिघडले असेल तर तो उपचार आहे, त्याला नखरा म्हणू नये. पण पाहुण्यांच्या एका शब्दासाठी कर्ज काढणे आम्हांला पटत नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' असे म्हणणाऱ्या समाजात मुलीला आरशाची भीती वाटली तर नवल नाही. पण कोणते नाक चांगले हे कोणी ठरवले, तेही बघायला हवे. 1891 मध्ये हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी आणि उंची मोजून जातींची उतरंड लावली. नाक जेवढे रुंद तेवढी जात खालची, असा त्याचा दावा होता. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडेच पुढे ठेवले. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे त्यांनी त्या आकड्यांवरूनच दाखवले. 'बसके नाक' म्हणून तोंड वाकडे करणारे पाहुणे रिस्लेची पट्टी घेऊन आलेले असतात, भले त्यांनी त्याचे नाव ऐकलेले नसो.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही आपल्याच मुलखातला आहे. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने मेणाचा साचा करून कपाळावर मापाची रेघ आखली, कपाळाची कातडी सोडवून दोन्ही डोळ्यांच्या मधून फिरवून खाली आणली आणि काथाचा लेप लावून बसवली. मधला पट्टा साधारण पंचविसाव्या दिवशी कापला. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली. पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही पद्धत तिथे वापरली. कॅन्सरमध्ये नाक गमावलेल्यांवर कपाळाच्या कातडीची ही पद्धत अजूनही वापरतात. कावसजीचे नाव छापले गेले, त्या कारागिराचे त्या हकिगतीत नाही.

हल्ली 'बिना ऑपरेशन नाक सरळ' म्हणून इंजेक्शने देतात. त्याला फिलर म्हणतात. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर चुकून शिरेत गेला तर कातडी काळी पडून मरते आणि कायमचे अंधत्वही येऊ शकते. हे काम पार्लरमध्ये करून घेऊ नका. नाकाला लावायच्या क्लिपांनी आणि क्रीमने मोठ्या माणसाचे हाड हलत नाही, ते पैसे वाचवा. ऑपरेशन करणारा डॉक्टर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची नोंदणी असावी. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. संमतीपत्र समजेल अशा भाषेत वाचून घ्या.

नाकाला मार लागला तर मात्र थांबू नका. लोकलमधून पडून, क्रिकेटचा बॉल लागून किंवा घरातल्या मारहाणीत नाक फुटते. आधी रक्त थांबवा. पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरा. मान मागे टाकू नका. मग त्याच दिवशी आत बघून घ्या. पडद्यात रक्त साकळले असेल तर ते लगेच काढावे लागते. ते राहून गेले तर कूर्चा मरते आणि नाक मधून खचते. हललेले हाड साधारण सात ते दहा दिवसांत जागेवर बसवता येते, मुलांचे त्याहून लवकर बसवावे लागते. उशीर झाला की सोपे काम मोठे ऑपरेशन होऊन बसते. नवऱ्याने मारले असेल तर 'मोरीत घसरले' असे सांगू नका. खरे लिहिलेला कागद पुढे कामी येतो. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे.

सुरुवात उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात केसपेपर काढून करावी. पुढे पाठवले तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीव, केईएम किंवा जे.जे. ही ठिकाणे लोकलच्या वाटेवर आहेत. केवळ दिसण्यासाठीचे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत नाही. आजारासाठीचे बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ईएसआयचे कार्ड असेल तर तेही दाखवा. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने कागद आणि चालू औषधांची पाकिटे एका पिशवीत घेऊन सकाळीच निघा. पहिल्या खेपेला बहुधा तपासण्या आणि पुढची तारीखच हाती पडते, म्हणून खाडा एका दिवसाचा न धरता दोन-तीन दिवसांचा धरा.